आळ

अडिवेप्पा हडिमनी टेप सोडत मागं मागं गेला,
पेरूला पाठ लागली तेव्हा थांबला.
"तेवीस बाय अकरा बसतंय बघा, अक्का.
पेरू ठेवूया की. खरं पानं पडणार,
जाळी घेऊन रोज काढायला लागणार."
मच्छेच्या या प्लॉटवर पेरू आधी आला, मग आम्ही.
ठेवला.

मुलगा उद्यमबागेतून फोनवर,
मागं भट्टीची घरघर:
आई, धबधबा घे. निळे-जांभळे दिवे घे.
एका काठावरनं पाणी सांडत राहिल्यासारखं दिसतं, ते घे.
गोव्याला बघितलं नव्हतंस?
बघितलं होतं. तिथं काठापलीकडे समुद्र होता.
इथं पलीकडे शेजाऱ्यांचा गोबरगॅस.

मी वहीत लिहून ठेवलं होतं,
मास्तरणीची वही, डावीकडे समास सोडून:
पायऱ्या रुंद. चढ सहा इंच, गुडघ्यांना विचारून ठरवलेला.
दांडा स्टीलचा, दोन्ही अंगांना.
फरशी खरखरीत.
तळाला पाणी ओढणारी तोंडं दोन,
एकावर केस अडकले तर दुसऱ्यानं ओढ घ्यावी.
झाकण गुंडाळता येणारं, कारण नळ नवव्या दिवशी येतो
आणि एप्रिलातलं ऊन रोज अर्धं बोट पाणी पिऊन जातं.
गाळणी धुतलेलं पाणी, निवल्यावर, मागच्या केळींना.
कुंपण. दार सोडलं की आपोआप मिटणारं.
कडी पाच फुटांवर.

अडिवेप्पानं वही वाचली.
मराठी तो फडाफडा बोलतो, वाचताना मात्र
ओळीखालून बोट फिरवतो.
"दिवे नाहीत?"
"एक. पांढरा. तळ दिसला पाहिजे."
"एवढं तर शाळेतबी नसतंय ओ," म्हणाला,
आणि मी त्याच शाळांत तेहेतीस वर्षं काढली
हे त्याला सांगितलं नाही.

मग उकिडवा बसला, कानामागची पेन्सिल काढली,
आणि हिशेबाचं बोलणं आपल्या भाषेत येतं तसं
सहज विचारलं:
"आळ एष्टु, अक्का?"

जन्मभर कन्नड ऐकतेय.
बाजारात, बसमध्ये, तहसीलदाराच्या टेबलासमोर.
आळ म्हणजे खोली. मला ठाऊक आहे.
पण माझे कान अजून
तो शब्द आधी मराठीत ऐकतात.

कडोलीच्या वरच्या अंगाला जांभ्याची खण.
चिरे संपले, माणसं गेली, पाणी राहिलं,
तांबडं, हात घातला तर मनगट दिसू नये असं.
मी दहाची. भरमू सहाचा.
मी सागरगोटे खेळत होते,
चौथा वर होता.

चौथा खाली आला तेव्हा काठावर
नुसत्या चपला.

मावशी एवढंच म्हणाली, हिच्या भरवशावर सोडलं होतं.
एकदाच म्हणाली.
पुढं चोपन्न वर्षं कुणी म्हटलं नाही,
ताटावर बसताना, लग्नात, बारशात,
म्हणायची गरजच नव्हती.

आळ एष्टु.
तेव्हा बांबू सोडला होता, तोही पुरला नाही.

"अक्का?"
"चार फूट," मी म्हटलं. "कुठंच जास्त नको.
शाल्मली दहाची आहे. टाचा टेकून उभी राहिली
की नाक वर पाहिजे."
"मग पवायला कशी शिकणार ती?"
"चारात शिकतात. मीपण शिकणार आहे."
"तुम्हाला येत नाही?"
पेरूवरनं एक पान निघालं,
जिथं अजून पाणी नव्हतं तिथं पडलं.

त्यानं वहीत चार लिहिला, कन्नडचा.
कन्नडचा चार आणि आपला चार
जवळजवळ सारखाच दिसतो.
मग माझ्याकडे न बघता
कुंपणाच्या ओळीवर परत बोट नेलं.
"कडी साडेपाचवर घेऊया काय?"

घे, म्हटलं.